अठरापैकी बारा

दुकानात तिला सगळे उसवाताई म्हणतात, आणि हे नाव तिने स्वतःच्या तोंडाने कमावलं आहे. हाताखालच्या मुलींपैकी कोणी शिवलेली बाही तिच्यापुढे धरली की ती कपाळावरचा चष्मा नाकावर ओढते, बाही उलटी करते, शिवण अंगठ्याखालून एकदाच सरकवते आणि म्हणते, "उसवा." आवाज चढत नाही, कपाळाला आठी पडत नाही. पोस्टमनने दारात पत्र टाकून पुढे जावं, तशी ती एवढं बोलून आपल्या मशीनकडे वळते.

"ताई, बाहेरून काही दिसत नाहीये हो," एखादी नवी मुलगी म्हणते.

"आतून दिसतंय ना?"

"आत कोण बघतंय?"

"मी बघितलं ना आत्ता. उसवा."

दुकान म्हणजे औषधांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मध्ये चेपून बसलेली एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे तीन मशिनी, इस्त्रीचं टेबल, पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. भिंतभर दुरुस्तीचे कपडे लटकलेले: कंबर सैल करायच्या पँटी, चेन बदलायची जॅकेटं, मोठ्या भावाचे धाकट्यासाठी लहान करायचे कोट. काउंटरवर मालक, काका. काकांना एका दमात तीनच शब्द बोलता येतात, अशी मुलींची खात्री आहे. गिऱ्हाईक विचारतं, "कोट कधी मिळेल काका, शनिवारी घालायचाय, निदान शुक्रवारी तरी द्या, मागच्या वेळी असंच झालं होतं." काका म्हणतात, "शुक्रवार. चारनंतर. पक्कं." जेवणाच्या सुट्टीत मुली काकांची नक्कल करतात तेव्हा उसवाताई डब्यात तोंड घालून बसते. आपण हसत नाही असं दाखवते, पण खांदे हलतात.

मुलींचं ती एका शब्दात उसवते, स्वतःचं शब्दही न बोलता. एकदा एका साहेबांची पँट खालून आखूड करायची होती. बाहेर टॅक्सी थांबवून साहेब आत आले, पँट चढवून आरशापुढे उभे राहिले आणि खूश झाले. उसवाताई मागे उभी होती.

"साहेब, डावा पाय जरा काढता?"

"डावा पाय?"

"म्हणजे पँट काढा. डावी बाजू दोन धागे खाली गेलीये."

पुढचा अर्धा तास साहेब पडद्याआड गुडघ्यांवर रुमाल पसरून बसले होते आणि फोनवर कोणाला तरी "निघालोय, रस्त्यातच आहे" असं सांगत होते. त्या दिवसापासून ते दुसऱ्या कुठल्या दुकानाची पायरी चढलेले नाहीत.

घरी मात्र तिला या नावाने हाक मारायची कोणाची टाप नाही. घरी माणसं तीन. नवरा लिफ्टची दुरुस्ती करतो. त्याचा जन्म बंद दारापलीकडच्या माणसांशी बोलण्यात गेलाय, त्यामुळे त्याचा आवाज कायम एकाच पट्टीत असतो. दूध उतू गेलं तरी तो म्हणतो, "घाबरू नको. हवा येतीये. होईल." सासूबाईंचं नेमकं उलट. त्यांना कुठलीही गोष्ट हळू सांगता येत नाही, आणि गुपित तर मुळीच नाही. त्या कानात बोलल्या तरी खालच्या मजल्यावरचे लोक खिडकीतून उत्तर देतात.

तर अशी ही बाई चाळिशी उलटल्यावर कॉलेजात गेली. त्याचं असं झालं, की दुकानापासून दोन रस्ते पलीकडे मुलींची तंत्रशाळा आहे. तिथल्या शिवणकामाच्या बाई निवृत्त होणार होत्या. मुख्याध्यापिका स्वतः कोट घ्यायला दुकानात आल्या, मागे उभ्या राहून तिचे हात बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही शिकवाल का?" उसवाताईच्या हातातला खडू थांबला. तिला काय हवंय, असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर ते हेच होतं. दुकानात ती मुलींना एक शब्द सांगू शके. वर्गात तिला सगळी वाक्यं सांगता आली असती.

"पदवी कशात आहे तुमची?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

पदवी कशातच नव्हती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पदवीशिवाय नेमता येत नाही. पण तोवर मी हंगामी माणसं घेऊन भागवते, तुम्ही सुरुवात तर करा. संध्याकाळचं कॉलेज होतं, आणि त्या कॉलेजात कमी मिळकतीच्या घरातल्या विद्यार्थ्यांची सगळी फी भरणारी मदत होती. ही मदत नसती तर कॉलेज नव्हतं. घरात यावर एकदाच बोलणं झालं आणि ते लगेच संपलं, कारण दोघांच्या पगारातून फीसाठी काही उरतच नव्हतं.

मदत मिळाली. उसवाताई अभ्यासाला लागली, ती आपल्या पद्धतीने.

पहिल्याच सत्रात कॉलेजच्या फलकावर तिला एक सूचना दिसली: विषय सोडण्याची शेवटची तारीख. या तारखेच्या आत विषय सोडला तर गुणपत्रिकेवर नापासाचा शेरा येत नाही. तिने ती सूचना दोनदा वाचली. हे तर आपल्यासारख्याच कोणीतरी काढलेलं दिसतंय, असं तिला वाटलं. नीट जमत नाही, उसवलं, पुन्हा बसलो, प्रश्न मिटला. उसवलेली शिवण दुकानात कोणी कुठे लिहून ठेवत नाही. गिऱ्हाइकाला दिसतो तो कोट.

मग तिने इतिहास सोडला, कारण निबंधाचा मधला भाग तिच्या मते एका बाजूला कलला होता. त्या निबंधाला वर्गात सगळ्यात जास्त गुण होते. हिशेबशास्त्र सोडलं तेव्हा साठाच्या पुढे गुण होते, पण ताळेबंद दुसऱ्या प्रयत्नात जुळला होता, पहिल्या नाही. इंग्रजीत ती पास झाली, बावन्न गुणांनी. बावन्न तिला बघवेनात. ती पुन्हा त्याच विषयाला बसली आणि एकाहत्तर आणले. असे दोन वर्षांत एकूण पाच विषय तिने सोडले. एकाही विषयात ती नापास होणार नव्हती.

"आमची सून नापास होत नाही," सासूबाई जिन्यात शेजारणीला सांगत. "सोडते."

"सोडते म्हणजे?"

"म्हणजे तिला आवडलं नाही तर ती कॉलेजला परत करते."

चौथं सत्र संपलं आणि मदत कक्षातून पत्र आलं. दोनच परिच्छेदांचं. आपली शैक्षणिक प्रगती समाधानकारक नसल्यामुळे पुढील सत्रापासून आपली फीची मदत थांबवण्यात येत आहे.

तिने पत्र उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"प्रगती नाही?" सासूबाई म्हणाल्या, आणि खालच्या मजल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज झाला. "एकाहत्तर आणलेत इंग्रजीत. त्यांना काय, आकाशातले तारे हवेत?"

"घाबरू नको," नवरा म्हणाला. "जाऊन विचार. कुठेतरी वायर निसटली असेल."

मदत कक्ष तळमजल्यावर, जिन्याखाली. एक खिडकी, एक टेबल, दोन खुर्च्या. तिथल्या बाई स्वभावाने मायाळू, पण वाईट बातमी द्यायची वेळ आली की त्यांचा आवाज दवाखान्यात भेटायला आल्यासारखा खाली जातो. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'म्हणजे बघा'ने.

"म्हणजे बघा ताई, तुमचे गुण छान आहेत. गुणांचा प्रश्नच नाही. पण मदत चालू ठेवायची तर दोन गोष्टी बघतात. गुण किती, हे एक. आणि घेतलेल्या विषयांपैकी पूर्ण किती केले, हे दुसरं. तीनातले दोन तरी पूर्ण व्हायला लागतात."

"मी घेतले ते सगळे पूर्ण केलेत की."

"म्हणजे बघा, तुम्ही पंधरा घेतले." आवाज आणखी खाली गेला. "पूर्ण झाले नऊ. दहा लागतात."

"पंधरा कुठले मॅडम? पाच तर मी सोडले. ते घेतलेच नाहीत असं झालं ना?"

"नाही ना. सोडलेला विषय घेतलेल्यात धरतात. पूर्ण केलेल्यात धरत नाहीत."

उसवाताईने मनात बेरीज केली. मग म्हणाली, "तरी नऊ आणि पाच चौदा होतात."

"इंग्रजीला तुम्ही दोनदा बसलात."

"पास होते मी पहिल्यांदाच."

"म्हणूनच. घेतला दोनदा, पूर्ण धरला एकदाच." बाईंनी उसासा टाकला. "कशाला बसलात हो पुन्हा? बावन्न काय वाईट होते?"

उसवाताईने खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवला. तिथे रेक्झिनची शिवण सुटली होती. आपण इतकी वर्षं ज्या गोष्टीला नीटनेटकेपणा म्हणत आलो, तिला या खिडकीच्या पलीकडे प्रगती नसणे म्हणतात, हे तिच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

"आता?" तिने विचारलं.

आता फेरविचाराचा अर्ज करता येत होता. बाईंनी समजावून सांगितलं: विद्यार्थ्याच्या हातात नसलेलं काही कारण असेल, म्हणजे आजारपण, घरात कोणी जाणं, अपघात, असं काही, तर समिती ऐकून घेते. कारण लिहायचं, आता काय बदललंय ते लिहायचं, पुढच्या सत्रात कसं करणार ते लिहायचं.

"म्हणजे बघा, तुमच्या घरात..." बाई पुढे झुकल्या. "काही झालं होतं का? दोन वर्षांत? काहीही?"

"नाही हो. सगळे ठणठणीत आहेत."

बाईंना वाईट वाटलं, हे स्पष्ट दिसत होतं.

हे सगळं घरी सांगितल्यावर सासूबाई कामाला लागल्या.

"माझा गुडघा घाल. गुडघा खरा आहे."

"आई, तुमच्या गुडघ्याने माझा इतिहास कसा सुटेल?"

"रात्रंदिवस शेकत होतीस असं लिही."

"मी एकदाही शेकला नाही."

"ते मला माहितीये. समितीला काय माहीत?" सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "नाहीतर सरळ मला मारून टाक."

"आई," नवरा म्हणाला.

"कागदावर रे. मला काय होतंय? उलट आयुष्य वाढतं म्हणतात. मागच्या थंडीत गेले असं लिहा. मी आठवडाभर जिन्यात येणार नाही."

"तू आठवडाभर जिन्यात आली नाहीस तर लोक खरंच फुलं घेऊन येतील."

"येऊ देत की. कोण कोण येतंय तेही कळेल."

उसवाताई हसली, पण हसता हसता तिच्या मनात येऊन गेलं की हे किती सोपं आहे. एक वाक्य. म्हातारी समोर बसून स्वतःच्या तोंडाने परवानगी देतीये. मदत कक्षातल्या बाईही तेच ऐकायला पुढे झुकल्या होत्या. बाहेरून काही दिसलं नसतं.

तिने कागद पुढे ओढला आणि लिहिलं: माझ्यावर कसलंही संकट आलं नव्हतं. विषय जमत होते, पण मला हवे तसे जमत नव्हते म्हणून सोडले. सोडलेला विषय मोजतात हे मला माहीत नव्हतं. नियम छापलेला होता, मी तो वाचला नाही.

नवऱ्याने वाचलं. "खरं आहे," तो म्हणाला, आणि बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला सांगावं तशा आवाजात पुढे म्हणाला, "पण याने दार उघडेल असं वाटत नाही मला."

समितीत तीन माणसं होती. मधोमध अध्यक्ष, त्यांना 'तत्त्वतः' हा शब्द फार प्रिय. उजवीकडे एक वयस्कर गृहस्थ, ते फक्त "हं" म्हणत. पण त्या "हं"चे पाच-सहा प्रकार होते आणि त्यांचा शेवटपर्यंत पत्ता लागू देत नसत. डावीकडे एक तरुण प्राध्यापिका. ती इतक्या भरभर बोले की वाक्य संपल्यावर ऐकणाऱ्याला मागे जाऊन ते गोळा करावं लागे. मदत कक्षातल्या बाई कोपऱ्यात फाइल घेऊन बसल्या होत्या.

"तत्त्वतः," अध्यक्ष म्हणाले, "हा अर्ज आमच्यापुढे येण्यासारखाच नाही. तुमच्या हातात नसलेलं कारण लागतं. तुमच्या बाबतीत सगळं तुमच्याच हातात होतं. मग आम्ही याला म्हणायचं काय? आजार?"

"सवय म्हणा, सर."

"हं," वयस्कर गृहस्थ म्हणाले.

"सवयीसाठी तत्त्वतः आमच्याकडे रकाना नाही."

"म्हणजे बघा सर," कोपऱ्यातून हळूच आवाज आला, "'इतर' असा आहे एक."

अध्यक्षांनी 'इतर'चा रकाना शोधून काढला आणि त्यावर बोट ठेवून ठेवलं, जणू तो पळून जाईल.

तरुण प्राध्यापिका म्हणाली, "तेठीकेपणआताकायबदललंयतेसांगाना." म्हणजे: ते ठीक आहे, पण आता काय बदललंय ते सांगा ना.

याच प्रश्नाची उसवाताईला धास्ती होती. नवऱ्याने तिला तीन चांगली उत्तरं शिकवून पाठवलं होतं. तिन्ही तिच्या तोंडाशी आली आणि तिला ती आतून दिसली.

"मी बदललेली नाही," ती म्हणाली. "आज सकाळीच एक कॉलर दोनदा उसवून आलीये. पण माझ्या दुकानात उसवलेलं मोजत नाहीत आणि तुमच्याकडे मोजतात, हे आता मला कळलंय. पुढच्या सत्रात मी काहीही सोडणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर वाईट जमेल. वाईटच देईन."

"हं," वयस्कर गृहस्थ म्हणाले. हा प्रकार वेगळा होता. मग ते चक्क पुढे बोलले. "हे बोलणं सोपं आहे, बाई."

"सोपं नाहीये, सर," ती म्हणाली.

आठवड्याने उत्तर आलं. एका सत्रापुरती सशर्त मदत. तीन विषय घ्यायचे, तिन्ही पूर्ण करायचे. मदत कक्षातल्या बाईंनी बोटांवर करून दाखवलं: पंधरा आणि तीन अठरा, नऊ आणि तीन बारा, अठराचे दोन-तृतीयांश बारा. बरोब्बर काठावर. एक विषय सोडला किंवा गेला, की मदत संपली, आणि दुसऱ्यांदा अर्ज करता येत नाही.

दोन विषय बरे होते. तिसरा सांख्यिकी. तो पदवीला सक्तीचाच होता आणि तिने भीतीने दोन वर्षं पुढे ढकलला होता.

सांख्यिकीच्या सरांना प्रत्येक वाक्यानंतर "बरोबर?" म्हणायची खोड होती, आणि उत्तरासाठी थांबायची नव्हती. "हे सरासरीपासूनचं अंतर, बरोबर? त्याचा वर्ग केला, बरोबर? आता मी फळा पुसतो, बरोबर?" मुलं मागच्या बाकांवर त्यांचे 'बरोबर' मोजत. उसवाताई मधल्या बाकावर बसून सगळं उतरवून घेई, आणि घरी येऊन वही उघडली की कोणा दुसऱ्याच बाईने लिहिल्यासारखी वाटे.

पहिल्या चाचणीत तिला तेहतीस मिळाले. पास व्हायला चाळीस लागत.

आजवर ती कधी नापास होण्याच्या जवळपासही गेली नव्हती. मागे जे तिने सोडलं ते सगळं चांगलं होतं. आणि आता जे खरोखर वाईट होतं, ते सोडता येत नव्हतं. सशर्त मदतीत सोडण्याच्या अर्जावर मदत कक्षाची सही लागे. विषय सोडायच्या शेवटच्या तारखेच्या दिवशी ती मदत कक्षाच्या खिडकीवरून दोनदा गेली. दुसऱ्या वेळी बाईंनी आतून मान उचलून पाहिलं.

"म्हणजे बघा ताई," त्या म्हणाल्या, "मी आज खिडकी लवकर लावतीये."

त्यांनी खरंच लावली.

त्या संध्याकाळी वर्गात सर म्हणाले, "म्हणजे हा आकडा जितका मोठा, तितका पसारा जास्त, बरोबर?"

"नाही, सर," उसवाताई म्हणाली.

सरांचा खडूचा हात हवेत राहिला. इतक्या वर्षांत त्यांना या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

"नाही म्हणजे? चूक आहे?"

"चूक नसेल सर. मला कळलं नाही. परत सांगा."

सरांनी परत सांगितलं. शेवटी सवयीने "बरोबर?" म्हणून गेले, आणि मग थांबून तिच्याकडे पाहिलं.

"नाही, सर."

तिसऱ्यांदा त्यांनी बसच्या वेळांचं उदाहरण घेतलं. एक बस रोज वेळेवर येते, दुसरी कधी लवकर कधी उशिरा; दोन्हींची सरासरी एकच. तेही तिला कळलं नाही. चौथ्यांदा सर टेबलावर बसले, खडू खाली ठेवला आणि कुठल्याही 'बरोबर'शिवाय सावकाश बोलले. यावेळी थोडं कळलं. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, मलाही आत्ताच कळलं." वर्ग हसला. ते हसणं तिच्यावर नव्हतं हे तिला घरी पोचेपर्यंत लक्षात आलं नाही.

सत्राच्या शेवटी प्रकल्प होता. माहिती गोळा करायची, तक्ते करायचे, निष्कर्ष लिहायचे. तिने दुकानातली माहिती घेतली: कोणत्या वयाची माणसं कंबर किती सैल करून घेतात. काकांनी परवानगी दिली. "घे. नावं नको." मुलींनी टेप धरून मापं सांगितली, सासूबाईंनी निष्कर्ष सुचवले, "पुरुष सुटतात, एवढं लिही, बास." तिने चार तक्ते केले, तीनदा नवीन कागदावर.

द्यायच्या दिवशी दुपारी, दुकानातून निघताना, तिने शेवटचं एकदा तपासलं आणि तिसऱ्या तक्त्यावर तिचा अंगठा थांबला. जी गिऱ्हाइकं वर्षात दोनदा आली होती, ती दोनदा मोजली गेली होती. सगळे आकडे फुगले होते. आणि चौथा तक्ता तिसऱ्यावरून काढलेला.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्यातरी इमारतीच्या छपरावर होता, मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"तिसरा तक्ता चुकलाय."

"किती वेळ आहे?"

"सहाच्या आत सरांकडे द्यायचाय. सगळं पुन्हा करायला दोन दिवस लागतील. नंतर दिलेला घेत नाहीत."

"मग चुकलेला दे."

"अहो, चुकलाय."

"ऐकलं मी." घरघर थांबली. "तू समितीला काय सांगून आलीस?"

तिने फोन ठेवला. मुली तिच्याकडे बघत होत्या. तिच्या तोंडून तो एक शब्द बाहेर पडायची वाट बघत होत्या म्हणा ना. तिने पेन घेतलं, तिसऱ्या तक्त्याखाली लिहिलं, 'यात दोनदा आलेली माणसं दोनदा मोजली गेली आहेत. हे आकडे जास्त आहेत, आणि चौथ्या तक्त्याचेही', आणि कागद पिशवीत घातले.

काकांनी काउंटरवरून मान वर केली. "झालं? दे. जा."

सर कॉलेजच्या दारातच भेटले. तिने कागद त्यांच्या हातात दिले आणि सोडले नाहीत. "सर, तिसरा चुकलाय."

"बरं."

"आणि चौथाही."

"ताई," सर म्हणाले, "हात काढा."

तिने हात काढला. घरी आल्यावर सासूबाईंनी, आश्चर्य म्हणजे, काहीच विचारलं नाही.

निकाल लागला तेव्हा दोन विषयांत तिला साठाच्या पुढे होते. सांख्यिकीत शेहेचाळीस. प्रकल्पाचे गुण सरांनी चांगलेच कापले होते आणि शेजारी लिहिलं होतं: तक्ता तीन आणि चार चूक. तिने लिहिलेल्या ओळीबद्दल एक शब्द नव्हता.

मदत कक्षातल्या बाईंनी संगणकाच्या पडद्यावर आकडे पाहिले. यावेळी आवाज खाली गेला नाही. "म्हणजे बघा, अठरापैकी बारा. मदत चालू. पुढच्या सत्राची मी आजच टाकते."

"मॅडम," उसवाताई म्हणाली, "शेहेचाळीस म्हणजे अगदीच... सांख्यिकीला पुन्हा बसता येतं का?"

बाईंनी कळफलकावरून हात उचलले.

"येतं," त्या म्हणाल्या. "बसू नका."

आधी बाई हसल्या, मग ती.

घरी सासूबाईंनी शेहेचाळीसचा आकडा जिन्यातून असा काही वाजवत नेला की खालच्या मजल्यावरच्यांनी तो शहाण्णव ऐकला आणि अभिनंदनाला वर आले. त्यांचा गैरसमज कोणी दूर केला नाही. नवऱ्याने गुणपत्रिका हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"काय बघताय?"

"काही नाही. ही पहिलीच गोष्ट आहे तुझी जी तू अशीच्या अशी ठेवलीयेस."

"ठेवलीये कुठे? ठेवून घेतलीये त्यांनी."

पुढचं सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, विषय नोंदवून परतताना, तिला वऱ्हांड्यात सांख्यिकीचे सर भेटले.

"दुसऱ्या भागाला येताय ना?"

"यावंच लागतं सर. सक्तीचा आहे."

"अवघड आहे पहिल्यापेक्षा."

"ऐकलंय."

सर दोन पावलं पुढे गेले आणि वळले. "मग पहिल्या बाकावर बसा. मधून तुमचं 'नाही' मला नीट ऐकू येत नाही."

पहिला बाक बुटका होता, तिचे गुडघे खालच्या फळीला लागत. फळ्यावरचा खडू उडून वहीवर येई. ती तिथेच बसली.